ओहोळ आटल्यावर

(१ राजे, अध्याय १७)



एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. कावळ्यांनीं त्याला भाकर आणून दिली, विधवेच्या मडक्यांतील पीठ सरलें नाहीं व कुपींतील तेल कमी झालें नाहीं, एवढें शब्बाथशाळेंतील कोणतेंही मूल सांगेल. परंतु या दोन आनंदाच्या गोष्टींच्या मधोमध एक लहानसें वाक्य आहे, आणि तें आपण घाईनें ओलांडून जातों. ज्या ओहोळाचें पाणी एलीया पीत होता तो ओहोळ पावसावांचून कोरडा पडला, असें तें वाक्य सांगतें. आज आम्ही त्याच वाक्यापाशीं थोडा वेळ बसणार आहों. कारण आमच्या पुष्कळ वाचकांचें बिऱ्हाड त्या कोरड्या ओहोळाच्या कांठींच आहे, हें आम्हांस त्यांच्या पत्रांवरून ठाऊक आहे.

करीथ ओहोळाशीं एलीया आपल्या मनानें गेला नव्हता. अहाब राजापुढें उभें राहून त्यानें अवर्षणाचा निरोप सांगितला, आणि लगेच देवानें त्याला यार्देनेच्या पूर्वेकडे जाऊन लपावयास सांगितलें. जागा देवानें दाखविली, पाणी देवानें दिलें, सकाळसंध्याकाळ भाकर व मांस घेऊन येणारे कावळेही देवानेंच नेमिले. इतकें सर्व देवाच्या हातचें असतां तें पाणी आटलें. एलीयानें पाप केलें होतें असें शास्त्र म्हणत नाहीं. त्याचा विश्वास कमी पडला असेंही म्हणत नाहीं. पाऊस नव्हता म्हणून ओहोळ आटला, एवढें सरळ कारण तें देतें. जो निरोप एलीयानें राजाला सांगितला त्याची झळ निरोप्यालाही लागली. देवाच्या सेवकाचा बांध वगळून अवर्षण पुढें जात नाहीं.

हें आम्ही मुद्दाम सांगतों. आमच्या लोकांच्या घरीं विहीर आटली, बैल मेला किंवा लेंकरूं आजारी पडलें कीं दोन बाजूंनीं बोल ऐकूं येतात. शेजारी विचारतात, "तुमचा देव आतां कोठें गेला?" आणि मंडळींतलाच एखादा शहाणा भाऊ येऊन हळूच विचारतो, "तुमच्या हातून कांहीं घडलें तर नाहीं ना?" पहिला प्रश्न सोसवतो. दुसरा जिव्हारीं लागतो. ज्या उपदेशकांना असें विचारण्याची संवय असेल त्यांनीं ईयोबाच्या मित्रांना देवानें शेवटीं काय सुनावलें तें पुन्हा एकदां वाचून पाहावें.

ओहोळ एका रात्रींत आटत नाहीं. आपण खेड्यांत राहणारीं माणसें; आपल्याला हें शहरच्या पंडितांहून चांगलें कळतें. फाल्गुनांत धार बारीक होते. चैत्रांत ती तुटून डबकीं राहतात. मग बायका वाळूंत झरा खणतात आणि वाटीवाटीनें घागर भरीत अर्धी रात्र तेथेंच काढतात. एलीयानेंही असेंच पाहिलें असेल. एके दिवशीं पाणी घोट्यापर्यंत, कांहीं दिवसांनीं ओंजळभर, पुढें नुसता ओला चिखल. आणि या सर्व दिवसांत देवाकडून एक शब्दही आल्याचें लिहिलेलें नाहीं. पाणी गुडघाभर होतें तेव्हांच पुढची जागा सांगितली असती तर त्या बिचाऱ्याचे किती दिवस काळजीवांचून गेले असते! परंतु क्रम असा आहे कीं, आधीं ओहोळाचा तळ उघडा पडला आणि त्यानंतर परमेश्वराचें वचन त्याजकडे आलें. हा क्रम आम्हांस पूर्वीं अवघड वाटे, आणि खरें सांगावयाचें तर अजूनही वाटतो.

तरी पुढची जागा कोणती होती हें पाहिलें म्हणजे थोडासा उजेड पडतो. सारफथ हें गांव भूमध्य समुद्राच्या कांठीं, सोर आणि सीदोन या दोन नगरांच्या मध्यें होतें; आजच्या लेबनान देशांत सराफंद नांवाचें गांव आहे, तीच ती जागा असें सांगतात. अहाबाची राणी ईजबेल ही सीदोनकरांच्या राजाची मुलगी. ज्या घराण्याच्या भयानें लपावयाचें त्याच घराण्याच्या सुनेच्या माहेरीं जावयाचें! शिवाय अहाबाचीं माणसें एलीयाला राज्याराज्यांतून शोधीत होतीं, असें पुढच्या अध्यायांत सांगितलें आहे. ओहोळांत पाणी उरलें असतें तर असल्या वाटेला तो लागला असता काय? आम्ही तर लागलों नसतों. आपण पाण्याशेजारीं वस्ती करणारीं माणसें आहों. जेथें चार घागरी मिळतात तेथून हलावयास मन घेत नाहीं. पुष्कळ वेळां देव आपल्याला बोलावून थकतो आणि मग आपलें पाणी काढून घेतो. सगळेंच आटलेलें पाणी असें असतें, असें मात्र कोणी समजूं नये. एलीया पाणी कमी होतांच घाबरून पळाला नाहीं, आणि आज्ञा आल्यावर कोरड्या वाळूंत अडूनही बसला नाहीं.

त्याला नकाशा मिळाला नाहीं, वाटखर्ची मिळाली नाहीं. अमुक गांवीं एक विधवा तुझें पोषण करील, एवढेंच त्याला कळलें. नवल असें कीं, त्या विधवेला यांतलें कांहीं ठाऊक असल्याचें दिसत नाहीं. ती वेशीपाशीं काटक्या वेंचीत होती. घरांत मूठभर पीठ आणि थोडेसें तेल. त्याची शेवटची भाकर करून लेंकासह खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, एवढाच तिचा बेत होता. देवानें जिला आपली कोठारीण नेमिली तिचें कोठार हें असें होतें. त्या गांवांत श्रीमंतांचीं घरें नव्हतीं काय? समुद्रकांठचीं व्यापारी नगरें तीं; धान्याचीं भांडारें असतीलच. देवानें त्यांतलें एकही निवडलें नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें आहे, आणि ती आपल्या लोकांना विशेष समजण्याजोगी आहे. लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायांत कावळा अशुद्ध पक्ष्यांत गणिला आहे. ती विधवा तर परक्या मुलखांतली, परक्या देवाच्या प्रजेंतली. म्हणजे इस्राएलाच्या थोर संदेष्ट्याला देवानें पहिल्यानें अशुद्ध पक्ष्याच्या चोचींतलें अन्न खावयास लाविलें आणि मग परक्या बाईच्या हातचें पाणी मागावयास लाविलें. आपल्या वाडवडिलांना याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या घागरीला गांवच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. त्यांच्या ओंजळींत पाणी वरून ओतीत असत. शोमरोनी बाईजवळ प्रभूनें पाणी मागितल्याची गोष्ट योहानाच्या ४ थ्या अध्यायांत त्यांनीं प्रथम ऐकली, तेव्हां त्यांच्या छातींत काय हाललें असेल तें आम्ही शब्दांत सांगूं शकत नाहीं.

पण हा धडा आपल्यावरही उलटतो. देवाचें साहाय्य आपल्या पसंतीच्या हातानें यावें, असें आपल्याला वाटूं लागलें आहे. १९७२ सालच्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लाखों माणसें सरकारी कामांवर खडी फोडून आणि परदेशांतून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, खाऊन जगलीं. कामावर सुकडी वांटीत. त्या तांबड्या भाकरीला लोक नाक मुरडीत, आणि लोकांबरोबर आम्हींही मुरडलें. सकाळसंध्याकाळ येणारा तो कावळा आम्हांला ओळखतां आला नाहीं.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एका बाईकडे वळूं. पंडिता रमाबाईंचें नांव कोणास ठाऊक नाहीं? परंतु त्यांच्या विद्वत्तेविषयीं बोलतां बोलतां आपण त्यांच्या भुकेविषयीं विसरतों. १८७४ च्या सुमारास अवर्षणाच्या दिवसांत थोड्याच अवधींत त्यांचे वडील, आई व थोरली बहीण हीं गेलीं. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघें मग हिंदुस्थानभर पायीं फिरत राहिलीं. झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत पांघरावयास कांहीं नव्हतें, तेव्हां दोघांनीं कबरीसारखे खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढिली, असें बाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे. १८८० सालीं बंधुही वारले. इतके ओहोळ आटलेली ती स्त्री अद्याप ख्रिस्ताला ओळखतही नव्हती.

१८८३ सालीं इंग्लंडांत बाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढिलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत मुली रस्त्यांवर मरत आहेत, हें कानीं येतांच बाईंना स्वस्थ बसवेना, कारण भुकेल्या मुलीच्या पोटांत काय होतें हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगचा बंदोबस्त होता. इतक्या नव्या मुलींना शहरांत ठेवण्याची सोय होईना. हातीं केडगांवचें शेत तेवढें होतें. त्या उघड्या रानांत मुक्तिसदन उभें राहिलें. पुण्याचें दार मोकळें असतें तर बाईंनीं केडगांवास संसार मांडला असता किंवा नाहीं, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु दार बंद झालें आणि त्या शेताकडे वळल्या, एवढें खरें.

यानंतर १९०० सालचा दुष्काळ, पहिल्याहूनही कठीण. गुजराथेकडील मुलीही आल्या. मुक्तींत त्या वेळीं एकोणीसशेंहून अधिक माणसें, वर गुरेंढोरें, आणि इमारतींचें काम चालू असल्यामुळें त्यासही पाणी हवें. एवढ्या सगळ्यांची भिस्त दोन विहिरींवर होती. बाईंनीं आपल्या साक्षीच्या पुस्तकांत या विहिरींचा वृत्तांत दिला आहे. रोज संध्याकाळीं दोन्ही विहिरींचा तळ दिसे आणि उद्यां पाणी कोठून यावें असा प्रश्न पडे. सकाळीं नवें पाणी आलेलें असे, व तें दिवसभर पुरे.

विहिरी भरून वाहूं लागल्या असें बाईंनीं लिहिलें नाहीं. आम्हांला त्या वृत्तांतांत हेंच फार मोलाचें वाटतें. रोज संध्याकाळीं तळच दिसला. सारफथच्या मडक्याचेंही तसेंच झालें असावें. मडकें कांठोकांठ भरलें असें शास्त्रांत कोठें आहे? पीठ सरलें नाहीं, एवढेंच आहे. रोज सकाळीं त्या बाईनें हात घातला आणि तळाशीं तिला त्या दिवसाची मूठ लागली. रानांत इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तोही दिवसाचा दिवसाला. ज्यांनीं दुसऱ्या दिवसासाठीं झांकून ठेविला त्यांच्या भांड्यांत किडे पडले. प्रभूनेंही आपल्याला आजच्या भाकरीपुरतीच प्रार्थना शिकविली. आपली इच्छा मात्र अशी असते कीं, देवानें एकदां काय तें मडकें भरून द्यावें, म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जावयास नको.

देवावर भरंवसा ठेवणें म्हणजे हातावर हात ठेवून बसणें, असा अर्थ कोणी करूं नये. एलीया एवढी वाट चालला. विधवेनें काटक्या वेंचल्या, पीठ मळलें, भाकर भाजली. रमाबाईंच्या मुली दळीत, विणीत, शेतांत राबत. सावकाराच्या दारीं अंगठा उठवून मग "देव पाहून घेईल" असें म्हणणारे भाऊ आम्हांस भेटले आहेत. त्यांना आमचें सांगणें असें कीं, अंगठा उठविण्यापूर्वीं मंडळीच्या पंचांना एक शब्द विचारा. चार डोक्यांनीं मिळून प्रार्थना केली तर एखादी वाट सांपडण्याचा संभव असतो, आणि सांपडली नाहीं तरी निदान कर्जाचा आंकडा तुमच्या एकट्याच्या उरावर राहत नाहीं.

या अध्यायाचा शेवटचा भाग उपदेशक बहुधा वगळतात. ज्या घरांत पीठ संपलें नाहीं त्याच घरांत मूल गेलें. विधवा एलीयाला विचारते कीं, माझ्या पापाची आठवण देऊन माझ्या लेंकाला मारावयास तूं आलास काय. या प्रश्नाला एलीयानें उत्तर दिलें नाहीं, उपदेशही केला नाहीं. त्यानें मूल तिच्या कुशींतून आपल्याकडे घेतलें, माडीवर नेलें, स्वतःच्या बिछान्यावर ठेविलें, आणि देवाशीं मोठ्यानें तक्रार केली. तें मूल जिवंत झालें. रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली, ती या जगांत परत आली नाहीं; आणि पुढच्या वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, बाईही गेल्या. एका घरीं मूल उठलें आणि दुसऱ्या घरीं उठलें नाहीं, याचा उलगडा आम्हांजवळ नाहीं. उपदेशक बंधूंनो, दुःखाच्या घरीं गेल्यावर एलीयासारखें आधीं तें ओझें आपल्या हातीं घ्या. बोलणें राहिलें तर राहूं द्या.

असें आम्ही दुसऱ्यांना सांगतों. तेव्हां आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती आमच्या शोभेची नाहीं.

त्याच १९७२ च्या हिंवाळ्यांत एका लहान खेड्यांतील मंडळीची सेवा आम्हांकडे होती. एका रविवारीं आम्हीं याच अध्यायावर उपदेश केला, आणि तो बरा वठला असें आम्हांस वाटलें. उपासना संपल्यावर एक विधवा बाई दाराशीं थांबली. दोन लहान लेंकरें पदरीं, खडीच्या कामावर जाणारी, आणि तीन आठवडे मजुरी हातीं आलेली नव्हती. ती म्हणाली, "मास्तर, देवाच्या माणसानं त्या बाईला सांगितलं, आधी माझी भाकर कर. तिनं केली. माझं मडकं तर उपडं घातलंय. तुमच्या मडक्यात काय हाय?"

आम्ही गडबडलों. "बाई, आपण प्रार्थना करूं," असें म्हणून तेथेंच उभ्यानें प्रार्थना केली, आणि ती लांबलचक केली. घरीं जातांना कुटुंबानें विचारलें, "ती काय मागत होती?" आम्हीं सांगितलें, "प्रार्थना मागत होती." घरीं कोपऱ्यांत ज्वारीचें अर्धें पोतें होतें, सासुरवाडीहून आलेलें, पाऊस येईपर्यंत पुरवावयाचें. त्या रात्रीं जेवतांना आम्ही त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसलों.

तिसऱ्या दिवशीं कुटुंब पाण्यावरून परत आलें तें कळशी खालीं न ठेवतांच बोलूं लागलें. त्या विधवेच्या घरीं रविवारपासून चूल पेटत होती. तिची शेजारीण, जी आपल्या मंडळीची नव्हती, जिला स्वतःचीं चार तोंडें होतीं आणि जी त्याच खडीवर जात होती, तिनें आपल्या वांट्याच्या मिलोचें पीठ रविवारीं सांजेला निम्में करून दिलें होतें. एवढें सांगून कुटुंबानें विचारलें, "तिनं खरंच प्रार्थनाच मागितली होती का?"

दिवस मावळल्यावर आम्हीं तें पोतें डोक्यावर घेतलें आणि विधवेच्या दारीं गेलों. कांहीं बोलावयाचें ठरवून गेलों होतों, पण तोंड उघडेना. पोतें उंबऱ्याशीं ठेविलें. तिनें आंतून सूप आणलें, त्यांत दोनएक शेर ज्वारी काढून घेतली आणि पोत्याचें तोंड सुतळीनें पुन्हा बांधलें.

"बाकीचं पलीकडं न्या, मास्तर," ती म्हणाली. "तिनं तिचं मला दिलं, आता तिचं सरलंय."

आम्हीं पोतें पुन्हा डोक्यावर घेतलें. पलीकडच्या अंगणांत ती शेजारीण चुलीसाठीं काटक्या मोडीत बसली होती.